हृदयातला फॉल्ट शोधणारी तार

संपादकांनी मला नाशिकमधल्या कॅथलॅब पाहायला पाठवलं ते अँजिओप्लास्टीवर लिहिण्यासाठी. एके काळी इथे छातीत कळ आली की रुग्णाला घेऊन गाडी कसारा घाट उतरायची. आता मुंबई नाका असो की गंगापूर रोड, गावातल्या गावात कॅथलॅबचं टेबल मिळतं. या बदलाचा आढावा घ्यायचा होता, आणि तो कुणीतरी घ्यायला हवाच. पण एका खासगी रुग्णालयात त्या दिवसाच्या यादीत, अँजिओग्राफींच्या रांगेत, एका नावापुढे ‘ईपीएस-आरएफए’ असं लिहिलेलं दिसलं. मी चौकशी केली. हृदयातली वीज आतून तपासायची (ईपी स्टडी) आणि बिघडलेली वाट रेडिओ लहरींनी जाळायची (अब्लेशन), असा त्याचा अर्थ. मूळ विषय मागे पडला.

यादीतली ती रुग्ण म्हणजे निफाडकडची, चाळिशीतली एक शेतकरी बाई. तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या. दुखणं वेगळंच होतं. निंदणी करताना, भाकरी थापताना, कधी नुसतं बसलेलं असताना काळीज एकाएकी धडधडायला लागायचं. दहा मिनिटं, कधी तासभर. मग आलं तसं एका क्षणात थांबायचं. गाडी जोडून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत आणि ईसीजी नॉर्मल. टेन्शन घेऊ नका, असं सांगून तिला घरी पाठवलं जायचं. यात काही वर्षं गेली होती.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेने सुरू होतो. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातल्या एका पेशीसमूहातून संदेश निघतो, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो, मधल्या एव्ही नोडवर क्षणभर थबकतो आणि हिस बंडल नावाच्या तंतूंच्या जुडीतून खालच्या कप्प्यांत उतरतो. एव्ही नोडच्या भागात ही वाट एकच असावी, पण काहींच्या हृदयात दोन असतात: एक जलद, एक संथ. मग एखादा अवेळी ठोका एका वाटेने खाली उतरतो, दुसरीने परत वर येतो आणि वीज तिथल्या तिथे फिरत राहते. छातीवर लावलेला ईसीजी सांगतो की काहीतरी बिघडलंय. नेमकी जागा कळायला आत जावं लागतं. सातपूर-अंबडला सर्किट ब्रेकर बनवणाऱ्या शहराला हे पटायला वेळ लागू नये: मीटरपाशी उभं राहून फॉल्ट सापडत नाही, टेस्टर घेऊन एकेका जोडापर्यंत जावं लागतं.

इथला टेस्टर म्हणजे कॅथेटर. लॅबच्या तंत्रज्ञाने बाद झालेला एक माझ्या हातात दिला. जाडी जेमतेम २ मिलिमीटर. या लोकांच्या भाषेत ‘सिक्स फ्रेंच’, कारण एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. लांबी मीटरभराहून थोडी जास्त. टोकाकडे प्लॅटिनमच्या कड्या, कुणाला चार, कुणाला दहा, आणि प्रत्येक कडीपासून निघालेली स्वतंत्र, अतिबारीक तार नळीच्या आतून थेट मागच्या जोडणीपर्यंत गेलेली. दोन कड्यांमधलं अंतर दोन ते पाच मिलिमीटर. मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते या अंतराने. कड्या जवळजवळ असल्या की त्या जोडीला फक्त आपल्या लगतच्या स्नायूतली वीज कळते, लांबची फारशी मिसळत नाही. अंतर वाढवलं की सगळ्या हृदयाचा गलका आत येतो. शिवाय मागे मुठीशी पीळ दिला की पुढचं टोक तेवढंच वळतं. आतल्या भिंतीला इजा होऊ नये इतका मऊ आणि हाताचं ऐकावं इतका ताठ, असे दोन्ही गुण एकाच नळीत आणणं ही मोठी कारागिरी आहे.

इतिहास थोडक्यात. हॉलंडच्या विलेम आइन्टहोवनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र तयार केलं. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. जर्मनीच्या वेर्नर फोर्समनने १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केलं. त्याचं नोबेल १९५६ मध्ये, आणखी दोघांच्या बरोबरीने. या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या १९६९ मध्ये. अमेरिकेतल्या बेंजामिन शेरलॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांघेतल्या शिरेतून कड्यांचा कॅथेटर वर नेला, ट्रायकस्पिड झडपेपाशी टेकवला आणि जिवंत माणसाच्या हिस बंडलमधून जाणारी वीज कागदावर उमटवली. ईपी लॅबमध्ये आजही सुरुवात त्याच जागेपासून होते.

त्या दिवशीही तशीच झाली. बाई जागी होती, फक्त जांघेत भूल दिलेली. शिरेत शीथ नावाच्या छोट्या नळ्या घातल्या, त्यांतून एकामागून एक कॅथेटर वर गेले आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सरकताना दिसले: एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या कप्प्याच्या टोकाशी, दहा कड्यांचा एक कोरोनरी सायनस या हृदयाच्या शिरेत आणि एक हिसपाशी. डॉक्टर शिशाचा एप्रन घालून टेबलापाशी. काचेपलीकडे रेकॉर्डरसमोर तो तंत्रज्ञ. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि उठलो तो काम संपल्यावरच.

त्याच्या पडद्यावर वर नेहमीच्या ईसीजीच्या दोन-तीन रेषा आणि खाली रंगीत रेषांची चळत. प्रत्येक रेषा म्हणजे कड्यांची एक जोडी. साधा ईसीजी सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने काढतात. इथे वेग १०० किंवा त्याहून जास्त, त्यामुळे एकच ठोका पसरून पडदाभर होतो. हिसच्या रेषेवर आधी वरच्या कप्प्याचा ठसा, शेवटी खालच्या कप्प्याचा मोठा ठसा आणि मध्ये एक इवलंसं, टोकदार टिंब. ते टिंब म्हणजे हिस. कॅथेटर दोन-तीन मिलिमीटर हलला तरी ते नाहीसं होतं. टिंबापासून खालच्या ठशापर्यंतचं अंतर निरोगी माणसात साधारण ३५ ते ५५ मिलिसेकंद. तंत्रज्ञ माउसने दोन उभ्या रेषा लावून ते मोजत होता, आकडा मोठ्याने सांगत होता आणि दरवेळी एका फुलस्केप वहीतही लिहीत होता. संगणक सगळं साठवतो, तरी वही का, असं मी विचारलं. वहीत मागचे आकडे एका नजरेत दिसतात, एवढंच त्याचं म्हणणं.

मग मुद्दाम धडधड सुरू करायचं काम. स्टिम्युलेटरमधून वरच्या कप्प्याला ठरावीक अंतराने आठ ठोके द्यायचे आणि नववा थोडा लवकर. पुढच्या फेरीत नववा आणखी १० मिलिसेकंदांनी लवकर. पुन्हा १०. ठोका जितका लवकर, तितका एव्ही नोड थोडा जास्त वेळ घेतो आणि वरच्या ठशापासून हिसपर्यंतचं अंतर हळूहळू वाढत जातं. बराच वेळ ते असंच थोडंथोडं वाढत होतं. मग एका फेरीत १० मिलिसेकंदांच्या फरकाने ते अंतर एकदम ५० हून जास्त वाढलं. तंत्रज्ञाने मान वर न करता ‘जंप’ एवढंच सांगितलं. जलद वाट थकली होती आणि वीज संथ वाटेने उतरली होती. म्हणजे दोन वाटा होत्या. पुढच्याच फेरीत सगळ्या रेषा एकमेकींना खेटून धावायला लागल्या आणि टेबलावरची बाई म्हणाली, हेच, हेच होतं मला. इतकी वर्षं जी गोष्ट ती शब्दांत सांगत होती, ती आता पडद्यावर सगळ्यांना दिसत होती.

पुढचं काम जाळायचं. तज्ज्ञ ज्या भागात संथ वाट शोधतात त्याला कॉखचा त्रिकोण म्हणतात; हा वॉल्टर कॉख, क्षयाचा जंतू शोधणारा रॉबर्ट कॉख नव्हे. त्रिकोणाची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. खालच्या बाजूला संथ वाट, वरच्या टोकाला हिस. संथ वाटेवर रेडिओ लहरींची उष्णता द्यायची आणि हिसला धक्का लागू द्यायचा नाही. धक्का लागला तर वरून खाली वीजच जात नाही आणि रुग्णाला कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. अनुभवी हातांत हा धोका शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि यश शेकडा ९५ हून जास्त. पण त्या मिनिटभरात तंत्रज्ञाची नजर पडद्यावरून हलली नाही. दोन ठशांमधलं नातं तुटताना दिसलं की क्षणात ऊर्जा बंद करायची, हे त्याचं काम. ती वेळ आली नाही. तासाभराने त्याच क्रमाने नववा ठोका पुन्हा देऊन पाहिला, धडधड सुरू झाली नाही, आणि कॅथेटर बाहेर काढले.

सगळ्या धडधडी इतक्या सरळ नसतात. फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या मिशेल हायसाग्वेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, सुरू करणारे बहुतेक ठोके फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी जन्मतात. तिथे चार कॅथेटर पुरत नाहीत, नकाशा लागतो. इस्राएलच्या हैफा शहरात श्लोमो बेन-हाइम यांनी टेबलाखाली क्षीण चुंबकीय क्षेत्र आणि कॅथेटरच्या टोकात संवेदक ठेवून असा नकाशा काढण्याची पद्धत शोधली. १९९७ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने त्यांची कंपनीच विकत घेतली. आता टोकाशी पाकळ्यांसारखे उघडणारे, ६४ कड्यांपर्यंतचे कॅथेटर आहेत. कड्या वाढल्या तशी किंमतही वाढली, आणि इथून पुढचं सगळं मला काळजीचं वाटतं.

कॅथेटरच्या पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असतं. भारतात अनेक ठिकाणी तो धुऊन, तपासून, इथिलिन ऑक्साइडने निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. हे गुपित नाही. २०१७ मध्ये ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये याच विषयावर सहमतीचा एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला, लेखकांमध्ये मुंबईचे डॉ. अमित व्होरा, डॉ. प्रफुल्ल केरकर आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. गीता नटराज होते. पुनर्वापर होतोच आहे, तर तो ठरलेल्या पद्धतीने व्हावा, असा त्याचा रोख आहे. तांत्रिक बाजूने यात तथ्य आहे. तपासणीचे बहुतेक ईपी कॅथेटर भरीव असतात. ज्यात रक्त सुकून बसेल अशी पोकळी त्यांत नसते. पाणी सोडणाऱ्या अब्लेशन कॅथेटरला मात्र पोकळी असते, आणि दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. शिवाय दर खेपेला कडी सैल झाली का, तार तुटली का, टोक नीट वळतं का, हे पाहावं लागतं. तुटलेली तार पडद्यावर खोटा ठसा उमटवते, आणि खोट्या ठशावरून खरी जागा जाळली जाऊ शकते.

माझा आक्षेप पुनर्वापराला नाही. नवाच वापरायचा असा आग्रह धरला तर त्या निफाडच्या बाईसारख्या कितीतरी जणी टेबलापर्यंत पोचणारच नाहीत. आक्षेप न सांगण्याला आहे. कॅथेटर कितव्यांदा वापरला जातोय याची नोंद असावी, रुग्णाला ती सांगावी आणि बिलात नव्याची किंमत लावू नये. या तीन गोष्टी प्रत्येक कॅथलॅबने आजपासून कराव्यात. त्यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

दुसरी अडचण माणसांची. अवघड केसमध्ये नकाशाचं यंत्र चालवायला बहुधा कंपनीचा माणूस लागतो, आणि ज्याच्या हाती माणूस त्याच्या हाती बाजार. अमेरिकेत पुनर्प्रक्रिया केलेले कॅथेटर विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह हेल्थ या कंपनीने नेमकी हीच तक्रार घेऊन जॉन्सन अँड जॉन्सनच्या बायोसेन्स वेबस्टरला कोर्टात खेचलं: दुसऱ्याचे कॅथेटर वापरले तर आमचा माणूस मिळणार नाही, असं रुग्णालयांना सांगितलं जातं म्हणून. मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने १४.७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तिथल्या रुग्णालयांची ही गत, तर नाशिक-धुळे-जळगावातल्या कॅथलॅबच्या हातात काय उरतं? उरतो तो वहीत आकडे लिहिणारा आपला तंत्रज्ञ. अशी माणसं पाच-दहा वर्षं शेजारी बसून घडतात. त्यांना टिकवायला यंत्राइतकाच खर्च केला पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी अडचण कॅथलॅबच्या बाहेरची आहे. १९९७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा धडधडीच्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्क्यांची लक्षणं ‘पॅनिक’ या मानसिक आजाराच्या निकषांत बसत होती, आणि निम्म्याहून अधिक जणांचा खरा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. आपल्याकडे ‘टेन्शन’ या शब्दाखाली, विशेषतः बायकांच्या बाबतीत, किती जणी दबून राहिल्या असतील याचा विचार अस्वस्थ करतो. थांबलेली धडधड होल्टर या चोवीस तासांच्या ईसीजी नोंदीतही अनेकदा सापडत नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरात कुणाला एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी धडधड होत असेल, तर ती चालू असतानाच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात जा आणि त्याच क्षणी ईसीजी काढायला लावा. तो कागद जपून ठेवा; त्याची शाई उडते, म्हणून मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर तासभरही थांबू नका. आणि ईपी स्टडीची वेळ आली तर दोन गोष्टी विचारा: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, आणि कॅथेटर कितव्यांदा वापरला जाणार आहे, हे डॉक्टरांना.