दोन मिनिटांचा विमानप्रवास
स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर, जेमतेम २.७ किलोमीटर असून मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीही त्याहून लांब आहे. १९६७ पासून लोगनएअर चालवत असलेल्या या सेवेच्या वेळापत्रकात प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असली, तरी हा काळ विमानाने उभे राहण्याची जागा सोडल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजला जात असल्याने, अनुकूल वाऱ्यात प्रत्यक्ष उड्डाण मिनिटाच्या आतही आटोपते. म्हणूनच नुसते अंतर वेगाने भागून काढलेला प्रवासकाळ फसवा ठरतो. शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण यांची ये-जा या सेवेवर चालत असल्याने ती केवळ पर्यटकांचे आकर्षण मानणे अन्यायाचे आहे.