तिकिटांतून दिसणारे बंगळूर

प्रवास संपला की तिकिटाचे मोल संपते. ते चुरगळून टाकले जावे, हीच मुळी त्याची नियती. परंतु ज्या कागदाची कोणी पर्वा करीत नाही, तोच पुढे शहराच्या इतिहासाचा विश्वासू साक्षीदार ठरतो. कारण इतिहासाने आपली नोंद घ्यावी, अशी इच्छा त्याने कधी धरलेली नसते. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने आपल्या संग्रहालयात ट्रामच्या दिवसांपासूनची तिकिटे आणि जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती जपून ठेवल्या आहेत. त्यांवरून मुंबईच्या वाहतुकीची कथा सहज सांगता येते. बंगळूरची कथा इतकी सरळ नाही.

तिचा आरंभच एका नसलेल्या वस्तूपासून करावा लागतो. बंगळूरच्या दप्तरात ट्रामचे तिकीट सापडणार नाही, कारण तेथे ट्राम कधी धावलीच नाही. हे आश्चर्य लहान नव्हे. शिवसमुद्र येथील धबधब्यावर 1902 मध्ये वीज निर्माण होऊ लागली आणि 1905 मध्ये बंगळूरचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. मद्रासेत विजेची ट्राम 1895 पासून होती, कलकत्त्यात ती 1902 मध्ये आली, मुंबईत 1907 मध्ये. मग विजेचा दिवा इतक्या लवकर लावणाऱ्या बंगळुरास ट्राम का मिळू नये?

याचे एक मोठे कारण असे दिसते की, त्या काळी बंगळूर हे एक शहर नव्हतेच. केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेली, पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेली पेठ हे एक बंगळूर. चिकपेठ, बळेपेठ, कॉटनपेठ अशा नावांच्या तिच्या अरुंद गल्ल्यांतून बैलगाडी जाणेही कष्टाचे. दुसरे बंगळूर 1809 मध्ये इंग्रजांनी उभारलेल्या लष्करी छावणीचे, रुंद रस्त्यांचे आणि बंगल्यांचे. 1881 मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्यास परत मिळाले. छावणी मात्र इंग्रजांनी आपल्या हाती ठेवली. दोहोंची नगरपालिका वेगळी, पोलीस वेगळे. रूळ टाकायचे तर ते दोन सरकारांच्या हद्दींतून न्यावे लागले असते.

आगगाडीनेही हीच साक्ष दिली आहे. मद्रासहून येणारी रुंदमापी गाडी 1864 मध्ये छावणीच्या स्थानकात पोहोचली आणि तेथेच थांबली. पेठेजवळचे सिटी स्थानक पुढे अठरा वर्षांनी, 1882 च्या सुमारास, या मार्गाशी जोडले गेले; आणि तेथून म्हैसूरकडे निघालेली गाडी मीटरमापी. एका गावाच्या दोन वस्त्या, आणि रुळांमधील अंतरही दोन मापांचे!

ही फट भरून काढण्याचे काम अखेर बसकडे आले. बंगळूर ट्रान्सपोर्ट कंपनी 1940 मध्ये स्थापन झाली, तेव्हाही छावणी इंग्रजांकडेच होती. ती म्हैसूर संस्थानास 1947 च्या जुलैमध्ये परत मिळाली आणि दोन्ही नगरपालिका मिळून एक महापालिका 1949 मध्ये झाली. 1956 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि तिचे नाव 'बंगळूर ट्रान्सपोर्ट सर्व्हिस' असे ठेवले. बी. टी. सी. ची बी. टी. एस. झाली, अक्षर एकच बदलले, पण व्यापाराच्या जागी सेवा आली. सेवेचा वक्तशीरपणा किती वाढला, हा भाग निराळा. या तीन अक्षरांचा 'सुटली तर पुन्हा सापडायची नाही' अशा अर्थाचा कानडी विस्तार तेथील विनोदी मंडळींनी करून टाकला होता.

या सुमाराची तिकिटे ज्यांनी जपली असतील, त्यांच्याजवळ मोठा ठेवा आहे. गाड्यांची मालकी 1956 मध्ये बदलली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगाव-धारवाडपासूनचा मुलूख येऊन मिळाला आणि विशाल म्हैसूर राज्य झाले. 1 एप्रिल 1957 रोजी नाणे बदलले. सव्वा वर्षाच्या आत मालक, राज्य आणि पैसा, तिन्ही नवे! त्यात नाण्याचा बदल कंडक्टरास सर्वांत जड गेला असला पाहिजे. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पाव पैशाचे नाणे नव्हते. तेव्हा सरकारी कोष्टकाने एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12 आणि तीन आण्यांचे 19 नये पैसे ठरविले. म्हणजे एक आणा दोनदा मोडला तर 12 नये पैसे, पण एक आणि दोन आणे मिळून 18 न होता 19. या एका नव्या पैशाची हुज्जत रोज किती थांब्यांवर झाली असेल, याची कल्पनाच करावी.

गाडीच्या कपाळावरील पाटीही अशीच बोलकी. 'मॅजेस्टिक' हे नाव एका चित्रपटगृहाचे. त्या भागातील मोठे बसस्थानक धर्मांबुधी नावाच्या तलावाच्या कोरड्या तळावर उभे आहे. 'शिवाजीनगर' हा छावणीच्या बाजूचा तळ. त्या भागाचे पूर्वीचे नाव ब्लॅकपल्ली. मॅजेस्टिकहून शिवाजीनगरास जाणारी बस या टोकाचे शहर त्या टोकाच्या शहरास रोज जोडीत आली.

शिट्टी, पैशांची पिशवी आणि तिकिटांच्या गड्ड्या एवढ्या सामग्रीवर हे जोडण्याचे काम करणाऱ्यांत एक मराठी तरुणही होता. बंगळूरच्या मराठी कुटुंबात 1950 मध्ये जन्मलेला हा शिवाजीराव गायकवाड बी. टी. एस. मध्ये कंडक्टर होता. 1973 मध्ये तो मद्रासच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत गेला आणि रजनीकांत या नावाने जगास ठाऊक झाला.

बी. टी. एस. 1961 मध्ये राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली आणि 1997 मध्ये शहरासाठी पुन्हा निराळे महामंडळ निघाले. 20 ऑक्टोबर 2011 रोजी मेट्रो आली, तीदेखील प्रथम छावणीकडच्याच अंगाला, बय्यप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी मार्ग. कब्बन पार्क आणि विधानसौधाच्या पोटातून मॅजेस्टिकला जाणारा बोगदा 2016 च्या एप्रिलअखेरीस खुला झाला, तेव्हा कोठे दोन्ही बंगळुरे मेट्रोच्या रुळांनीही जोडली गेली. मेट्रोचे तिकीट म्हणजे एक वाटोळे प्लास्टिकचे टोकन. बाहेर पडताना ते दारातील यंत्राच्या फटीत टाकावेच लागते. प्रवाशाच्या हाती काही उरत नाही.

बसच्या तिकिटाची अवस्था याहून चमत्कारिक आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून विनामूल्य प्रवास मिळू लागला. तरीही प्रत्येकीस तिकीट दिले जाते आणि त्यावर भाडे शून्य असते. कारण सरकार महामंडळांस रक्कम देते ती या शून्य तिकिटांच्या हिशेबाने. जुलै 2025 मध्ये राज्यातील अशा तिकिटांची संख्या 500 कोटींच्या पुढे गेली. मोलकरीण, कारखान्यातील कामगार, कॉलेजातील मुलगी यांच्या हालचालींचा एवढा मोठा पुरावा त्या राज्यात पूर्वी कधी निर्माण झाला नव्हता.

आणि तो टिकाऊ नाही. आण्याचे जुने तिकीट शाईने छापलेले असे. कागद पिवळा पडला तरी अक्षर राहते. कंडक्टरच्या हातातील यंत्रात शाईच नसते. कागदावर उष्णतेने काळे पडणाऱ्या रसायनाचा लेप असतो आणि यंत्राचे तापलेले टोक त्यावर अक्षर उमटविते. उन्हाने, उष्णतेने किंवा प्लास्टिकच्या पाकिटातील तेलकट द्रव्याच्या स्पर्शाने ते अक्षर पुसट होत जाते आणि कोरी चिठ्ठी तेवढी उरते. शून्य तिकिटांची बेरीज सरकारी जमाखर्चात राहील. प्रत्यक्ष तिकीट ठेवायचे असेल, तर साध्या कागदावर त्याची प्रत आजच काढून घ्यावी लागेल.