उरलेल्या कापडातून बाळाचे झबले

लगीनसराई आटोपली, की शिंप्याच्या मशीनखाली कातरणांचा ढीग साचतो. घरी पाहावे, तर विरलेले लुगडे, धोतराचे एखादे पान, उरलेला खण असतोच. यातून झबले निघेल का, असे तुम्ही विचाराल. निघेल, मात्र कापडाआधी बाळाकडे पाहिले पाहिजे.

मुदखेड-नांदेडकडे वैशाखात पारा चाळिशीपुढे जातो. तेव्हा कापड सुतीच हवे. शंका आली, तर मोठ्या माणसाने एक दोरा चिमट्यात धरून पेटवावा. सुताची कागदासारखी राख होते; पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. तान्ह्या बाळाला जुन्या, धुवट कापडाचे झबले घालण्याची आपली रीत शहाणपणाची आहे. वारंवार धुण्याने खळ निघून जाते, सूत मऊ पडते. लुगडे उजेडात धरा. विरलेला भाग सोडून शाबूत तेवढाच घ्या. कातरण नवी असेल, तर रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही.

आता माप. नव्याने शिवणारा बाळाची छाती मोजतो नि डोके विसरतो. जन्मतः डोक्याचा घेर छातीपेक्षा थोडा जास्तच असतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही साधारण १८ इंचांवर येतात. म्हणून गळा लहान नि पाठ बंद ठेवली, तर झबले डोक्यात अडकते. आपले झबले पाठीवर उघडे असते, ते याचसाठी!

वर्षाच्या बाळासाठी पुढचा भाग १२ इंच रुंद, १६ इंच लांब घ्या. पाठीचे दोन भाग प्रत्येकी ७ इंच रुंद, म्हणजे ते एकमेकांवर थोडे चढतील. एवढा रुंद तुकडा नसला तरी अडत नाही. ८ इंची नि ५ इंची तुकडे जोडा. जोडात १ इंच जाऊन १२ उरतात. मात्र दोन्ही तुकड्यांचा उभा धागा लांबीकडेच ठेवा, नाहीतर धुतल्यावर जोड वाकडा होतो. शिवणीची कड दुमडून टाका, ती अंगाला टोचू नये.

गुंडी तुटली, तर बाळ ती तोंडात घालते. म्हणून बंद बरे. तेही गाठीपुरतेच आखूड असावेत. लांब बंद गळ्याभोवती आवळण्याचा धोका असतो.

शिक्षकांनी हे माप वर्गात कागदावर कापून दाखवावे, मुलींना तसेच मुलांनाही. बेरीज-वजाबाकी इथे हाताला कळते.

शेवटी एक गोष्ट. शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखतात, त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. बगलेखाली ती थोडी अधिक सोडा. बाळ वाढेल, तशी शिवण उसवून झबले सैल करता येईल.