अस्तंब्याचा अश्वत्थामा

सातपुड्यातले अस्तंबा हे 1325 मीटर उंचीचे शिखर आज नंदुरबार जिल्ह्यात येते. 1998 पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. महाभारतातला अश्वत्थामा शाप भोगत याच डोंगरात वावरतो, अशी खानदेशातली श्रद्धा आहे. लोक त्याला 'अस्तंबा ऋषी' म्हणतात.

त्याच्या कथेचे मूळ दोन घराण्यांच्या वैरात आहे. द्रोणांनी शिष्यांकरवी पांचालराज द्रुपदाला बांधून आणवले आणि त्याचे अर्धे राज्य घेतले. तो अपमान धुऊन काढण्यासाठी द्रुपदाने यज्ञ करून द्रोणांना मारणारा पुत्र मागितला, तोच धृष्टद्युम्न. युद्धाच्या पंधराव्या दिवशी अश्वत्थामा मेल्याची हूल उठली. मेला होता त्या नावाचा हत्ती. पण युधिष्ठिरानेच दुजोरा दिल्यावर द्रोणांनी शस्त्र टाकले आणि धृष्टद्युम्नाने त्यांचा शिरच्छेद केला.

आता फेड करण्याची पाळी अश्वत्थाम्याची होती. अठराव्या दिवसाच्या रात्री वडाच्या झाडावर एका घुबडाने झोपलेले कावळे मारलेले त्याने पाहिले आणि तोच धडा घेतला. सौप्तिकपर्वात तो पांडवांच्या छावणीत शिरतो. धृष्टद्युम्नाला तो शस्त्राने मरण देत नाही, लाथांनी तुडवून मारतो. कारण शस्त्राने मेलेल्या वीराची गती बापाच्या मारेकऱ्याला मिळू द्यायची नव्हती. द्रौपदीचे पाचही पुत्र त्याच रात्री मारले गेले.

ग्रीकांच्या 'ओडिसी'तही सूड घराच्या अब्रूसाठीच घेतला जातो. वीस वर्षांनी परतलेल्या ओडिसियसला आपल्या घरात 108 मागणीदार तळ देऊन बसलेले दिसतात. ते त्याची गुरेढोरे खातात, बायकोला लग्नाचा तगादा लावतात, मुलाच्या जिवावर उठतात. तो त्यांना वाड्यातच कोंडून मारतो. मग मेलेल्यांचे नातलग चाल करून येतात. तेव्हा झ्यूस वीज टाकतो आणि अथेना दोन्ही बाजूंना थांबवते. तिथे वैर मिटते.

महाभारतात ते इतक्या सहज मिटत नाही. द्रौपदी अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी मागते आणि तो मिळेपर्यंत अन्न वर्ज्य करते. अश्वत्थामा आणि अर्जुन एकमेकांवर अस्त्र सोडतात. व्यास आणि नारद मध्ये पडल्यावर अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. उत्तरेचा गर्भ कृष्ण पुन्हा जिवंत करतो, तोच परीक्षित. मणी द्यावा लागतो, पण अश्वत्थाम्याला मरणाची सुटका मिळत नाही. रक्तपूच्या दुर्गंधीसह तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप त्याला मिळतो.

लोककथेने ही मुदत काढून टाकून त्याला चिरंजीव केले आणि मण्याच्या जागी कपाळावर न भरणारी जखम दिली. जखमेला लावायला तो तेल मागतो, डोंगरात चुकलेल्यांना वाट दाखवतो, असे यात्रेकरू सांगतात. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरते आणि खानदेशाबरोबरच गुजरात, मध्य प्रदेशातूनही भाविक डोंगर चढून त्याच्या दर्शनाला येतात.