डोळा लवतो तेव्हां

पुरुषाचा उजवा डोळा लवणें शुभ आणि स्त्रीचा डावा लवणें शुभ, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ही फडफड बहुधा आपोआप थांबते. कांहीं माणसांच्या बाबतींत मात्र ती थांबत नाहीं. प्रथम एका डोळ्याची पापणी मिटूं लागते. मग महिने-वर्षें लोटतां लोटतां त्याच बाजूचा गाल आणि ओठांचा कोपराहि ओढला जातो. झोंपेंतहि विसांवा नसतो. माझ्या एका सहकारी शिक्षकांना हा विकार होता. वर्गांत मुलें हंसत आणि आम्ही मोठीं माणसें ‘मन आवरा’ असा उपदेश करीत असूं. तो किती अन्यायाचा होता, हें मला फार उशिरां कळलें.

दोष मनाचा नसून बहुधा एका रक्तवाहिनीचा असतो. चेहऱ्याचे स्नायु हालविणारा सातवा मज्जातंतु मेंदूच्या देठापासून निघतो. तेथें एखादी धमनी त्यास टेकून राहिली, तर तिच्या प्रत्येक ठोक्यासरशीं त्यास धक्का बसतो, त्याचें वेष्टन झिजतें आणि वेष्टन गेलेल्या विजेच्या तारेप्रमाणें संदेश भलतीकडे जाऊं लागतात.

पूर्वीं कित्येकदां हा मज्जातंतूच अंशतः तोडीत. फडफड थांबे, पण चेहऱ्याची ती बाजू लुळी पडे. अमेरिकन शस्त्रवैद्य पीटर जॅनेटा यांनीं १९६६ सालीं या विकारावर निराळी शस्त्रक्रिया केली आणि पुढें ती रूढ केली. कानामागील हाडास लहानसें छिद्र पाडून, सूक्ष्मदर्शकाखालीं ती धमनी हलक्या हातानें बाजूस सारतात आणि दोहोंमध्यें टेफ्लॉनची इवलीशी गादी ठेवतात. मज्जातंतु तोडावा लागत नाहीं. शेंकडा ८५ ते ९० रोग्यांस गुण येतो. कांहींना तत्काळ, कांहींना कांहीं महिन्यांनीं. धोका अगदींच नाहीं असें नव्हे. श्रवणाचा मज्जातंतु शेजारींच असल्यामुळें थोड्या रोग्यांचें त्या कानाचें ऐकणें जातें. म्हणून शस्त्रक्रिया चालू असतांना यंत्राच्या साहाय्यानें त्यावर लक्ष ठेवतात.

ज्यांस शस्त्रक्रिया नको असेल, त्यांचे स्नायु बोट्युलिनम नांवाचें विष अत्यल्प प्रमाणांत टोंचून शिथिल करतां येतात. त्याचा गुण सुमारें ३ ते ४ महिने टिकतो. मग पुन्हां टोंचून घ्यावें लागतें. मूळ कारण दूर होतें तें मात्र शस्त्रक्रियेनेंच.

तेव्हां कोणाचा चेहरा असा ओढला जातांना दिसला, तर हंसूं नये, उपदेशहि करूं नये. मज्जातंतूंच्या तज्ज्ञ वैद्यांकडे जाण्यास सुचवावें. माझ्या सहकाऱ्यांना मीं तें सांगितलें नाहीं. आपण कोणास तरी सांगाल, एवढीच अपेक्षा.