निःशब्द सरोवरांचा प्रदेश

उत्तर अमेरिका खंडात, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन राष्ट्रांच्या सीमेवर, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात एक विस्तीर्ण अरण्य पसरलेले आहे. त्याचे नाव बाउंडरी वॉटर्स. ‘सीमेवरील जलाशय’ असा या नावाचा अर्थ होय. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशात हजाराहून अधिक सरोवरे आहेत.

ही सरोवरे हिमनद्यांनी घडविली. हिमयुगात हा सारा भूभाग प्रचंड हिमस्तरांखाली दडलेला होता. सरकणाऱ्या बर्फाने कठीण खडक खरवडले आणि जागोजाग खळगे पाडले. पुढे हवामान उबदार होऊन बर्फ मागे हटले, तेव्हा त्या खळग्यांत पाणी साचले.

जेथे पाणीच वाट अडविते, तेथे पाण्याचीच वाट करावी लागते. येथील ओजिब्वे लोक भूर्जवृक्षाच्या सालीपासून हलक्या होड्या तयार करीत. आपल्याकडे ज्याच्या सालीवर प्राचीन ग्रंथ लिहिले गेले, त्या हिमालयातील भूर्जाच्याच कुळातील हा वृक्ष. दोन सरोवरांमध्ये जमीन आली, म्हणजे होडी उलटी करून खांद्यांवर घ्यावयाची आणि पायवाटेने पलीकडे न्यावयाची. अशा वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. आजचे प्रवासीही याच रीतीने येथे हिंडतात.

या अरण्यात प्रत्येक ऋतूचा आनंद निराळा आहे. वसंतात बर्फ फुटून पाणी मोकळे होते. उन्हाळ्यात लोक होड्या वल्हवितात, मासे धरतात आणि काठावर तंबू ठोकून राहतात. रात्री लून नावाच्या पाणपक्ष्याचा दीर्घ स्वर पाण्यावरून घुमत येतो. शरद ऋतूत भूर्जांची पाने सोन्यासारखी पिवळी होतात. हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो व सरोवरे गोठून टणक होतात. मग जेथे होडी चालत होती, तेथूनच कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्या धावू लागतात. आणि धीट माणसे बर्फाला भोक पाडून त्यातून गळ टाकतात.

परंतु या अरण्याचे खरे वैभव म्हणजे तेथील शांतता; आणि ती आपोआप टिकलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यावर उतरणारी लहान विमाने येथे येऊ लागली. ज्या सरोवराशी पोहोचण्यास अनेक दिवस वल्ही मारावी लागत, तेथे पाहुणे घटकाभरात उतरू लागले. तेव्हा सिगर्ड ओल्सन या निसर्गप्रेमी लेखकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी लोकमत जागृत केले. अखेर १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या प्रदेशावर समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांच्या खाली विमाने उडविण्यास बंदी केली. पुढे १९६४ व १९७८ साली झालेल्या कायद्यांनी हे संरक्षण अधिक दृढ केले. आता बहुतेक सरोवरांवर यंत्राच्या नावा चालविता येत नाहीत. एका गटात नवांहून अधिक माणसे चालत नाहीत, आणि खाद्यपेयांचे टाकाऊ डबे किंवा काचेच्या बाटल्या नेण्याचीही मुभा नाही.

हे निर्बंध सर्वांनाच रुचले असे नाही. आसपासच्या गावांतील कित्येकांचा चरितार्थ विमानांनी व यंत्राच्या नावांनी येणाऱ्या प्रवाशांवर चालत असे. त्यांना हे नियम जाचक वाटले, आणि त्यांचे दुःखही खोटे नव्हते. शांततेचे मोल कोणास तरी द्यावे लागतेच. म्हणून जो तिचा उपभोग घेतो, त्याने ते मोल विसरता कामा नये.

सुंदर स्थळी जाण्याची इच्छा प्रत्येकास असते. मात्र तेथे गेल्यावर आपण काय मागे ठेवतो, याचा विचार थोडेच करतात. बाउंडरी वॉटर्समध्ये जाणारा सुजाण प्रवासी स्वतःचे ओझे स्वतः वाहतो, आपला कचरा परत आणतो आणि आवाज हळू ठेवतो. त्याची होडी पुढे गेली, की पाण्यावरची रेघ क्षणात मिटते. त्याच्यामागून येणाऱ्यालाही ते सरोवर तितकेच निर्मळ आणि निःशब्द भेटते.