स्ट्रायकर जड हवा की हात हलका?

भिवंडी : निजामपुऱ्यासारख्या दाट वस्तीत मैदानी खेळांसाठी जागा शोधावी लागते. यंत्रमागांचे कारखाने, घरे, दुकाने आणि गोदामे यांनी भिवंडीतील बहुतेक मोकळी जमीन व्यापली आहे. या परिस्थितीत जागेची अडचण न जाणवणारा खेळ म्हणजे कॅरम. स्पर्धेच्या बोर्डाचा खेळण्याचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या चौरस मीटरचा असतो. एक स्टूल, त्यावर बोर्ड आणि वर टांगलेला एक दिवा एवढ्यात खेळ उभा राहतो. मुलींनाही तो घरबसल्या शिकता येतो.

तरीही कॅरमकडे ‘वेळ घालवण्याचे साधन’ म्हणूनच पाहिले जाते. नाक्यावरचा अड्डा आणि कॅरम यांची सांगड पालकांच्या मनात पक्की बसलेली असते. वस्तुतः अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ पासून कार्यरत आहे, तर आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९८८ मध्ये चेन्नईत झाली. चेन्नईचे मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याचे योगेश परदेशी आणि मुंबईचे प्रशांत मोरे यांनी महाराष्ट्राला जगज्जेतेपदाचा मान मिळवून दिला. रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, पेट्रोलियम कंपन्या अशा संस्थांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरत आले आहेत. अड्ड्यावरचा खेळ आणि स्पर्धेतला खेळ यांत अंतर आहे ते शिस्तीचे. आणि या शिस्तीची सुरुवात स्ट्रायकरच्या निवडीपासून होते.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्ट्रायकर गोल व गुळगुळीत असावा, त्याचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. हस्तिदंती किंवा धातूचा स्ट्रायकर चालत नाही. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते, तर पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर असतो.

या आकड्यांतच खेळाचे बरेचसे मर्म आहे. मोठ्यात मोठी सोंगटी पॉकेटच्या मधोमध गेली, तर तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे सहा मिलिमीटरची मोकळीक राहते. पूर्ण आकाराचा स्ट्रायकरही त्याच पॉकेटमध्ये सहज पडतो, आणि तो पडला की आधी घेतलेली एक सोंगटी दंड म्हणून बोर्डावर परत ठेवावी लागते. बेसलाइनच्या दोन रेषांमधले अंतर ३.१८ सेंटिमीटर असून स्ट्रायकरचा स्पर्श दोन्ही रेषांना व्हावा लागतो. त्यामुळे लहान मुलांच्या खेळण्यातल्या बोर्डासोबत मिळणारा छोटा स्ट्रायकर मोठ्या बोर्डावर उपयोगी पडत नाही.

वजनाचा मोह

नवोदित खेळाडू दुकानात गेला की बहुधा सर्वांत जड स्ट्रायकर मागतो. जड स्ट्रायकरने सोंगटी जोरात जाते, हा त्यामागचा समज. तो खोटा नाही. पण त्याची किंमतही समजून घ्यायला हवी. साडेपाच ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर टक्कर झाली आणि टकरीत वेग वाया गेला नाही असे मानले, तर १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सोंगटीला स्वतःच्या वेगाच्या सुमारे १.४६ पट वेग देतो. १० ग्रॅमचा सुमारे १.२९ पट. म्हणजे फरक साधारण १३ टक्क्यांचा. त्यातच बोटाच्या तेवढ्याच जोराने हलका स्ट्रायकर मुळात अधिक वेगाने सुटतो.

टकरीनंतर मात्र जड स्ट्रायकरकडे त्याच्या मूळ वेगाचा सुमारे ४६ टक्के वेग शिल्लक राहतो, हलक्याकडे २९ टक्के. सोंगटीच्या मागोमाग पॉकेटमध्ये जाण्याची शक्यता जड स्ट्रायकरची अधिक, ती यामुळेच. घट्ट झालेला गठ्ठा फोडताना किंवा सुरुवातीच्या ब्रेकला वजनाचा लाभ होतो. परंतु नवोदिताच्या हातून सुटणारे गुण बहुधा जोर कमी पडल्याने सुटत नाहीत, स्ट्रायकर आवरता न आल्याने सुटतात.

प्रौढ खेळाडूने १५ ग्रॅमच्या आतला, पण त्या मर्यादेजवळचा स्ट्रायकर घ्यावा, हा रूढ सल्ला योग्यच आहे. स्पर्धेत पुढे तोच वापरायचा असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाने मात्र दोन-तीन ग्रॅमने हलका घेतल्यास त्याच्या बोटावर ताण येत नाही आणि नियंत्रण लवकर साधते.

दुकानात काय पाहावे?

वेष्टनावर छापलेल्या वजनावर विसंबू नये. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर स्ट्रायकर तोलून घेणे सर्वांत सोपे. नंतर तो सपाट काचेवर ठेवून कडेला बोटाने हलके दाबावे. डगमगला, तर त्याचा तळ सपाट नाही हे ओळखावे. पालथा करून हीच तपासणी पुन्हा करावी. कडेवरून नख फिरवून खाच किंवा टवका नाही ना, हे पाहावे. खाचेवर टक्कर झाली, तर अचूक नेमही फुकट जातो. शेवटी दुकानातल्या बोर्डावर चार-सहा वेळा हलक्या हाताने मारून पाहावे. सरळ सोडलेला स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून त्याच रेषेत परत येतो का, ते लक्षपूर्वक पाहावे.

रंग, नक्षी, चमक या गोष्टींचा खेळाशी संबंध नाही. एकदा निवडलेला स्ट्रायकर काही महिने बदलू नये, हे महत्त्वाचे. प्रत्येक पराभवानंतर नवा स्ट्रायकर घेणाऱ्याच्या बोटाला कोणत्याच वजनाची सवय होत नाही.

नेम का चुकतो?

कॅरममध्ये हाताची बारीकशी चूकही टकरीत मोठी होते. स्ट्रायकरपासून सोंगटी ४० सेंटिमीटरवर आहे आणि स्ट्रायकर नेमाच्या रेषेपासून केवळ एक अंश ढळला, असे समजू. सोंगटी आपल्या अपेक्षित दिशेपासून सुमारे १० अंशांनी भरकटते. पॉकेट तिथून २० सेंटिमीटर दूर असेल, तर ती सुमारे साडेतीन सेंटिमीटरने चुकते. सहा मिलिमीटरच्या मोकळिकीपुढे ही चूक प्रचंड आहे. म्हणूनच जाणते खेळाडू दूरच्या सोंगटीवर जोर लावण्याऐवजी जवळची, सोपी सोंगटी आधी घेतात आणि पुढची सोंगटी सोयीच्या जागी येईल असा फटका निवडतात.

नेम धरताना सोंगटीकडे नव्हे, टकरीच्या बिंदूकडे पाहावे. पॉकेटच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी रेषा मनाने मागे वाढवावी. टकरीच्या क्षणी स्ट्रायकरचा मध्य त्या रेषेवर, सोंगटीच्या मध्यापासून सुमारे ३.६५ सेंटिमीटर मागे असायला हवा. ती जागा आधी डोळ्यांनी निश्चित करावी, मग बेसलाइनवर स्ट्रायकर सरकवून योग्य स्थान शोधावे.

रोजची वीस मिनिटे

सरावासाठी प्रतिस्पर्धी असलाच पाहिजे असे नाही. पहिल्या टप्प्यात समोरच्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर एक सोंगटी ठेवून सरळ फटके मारावेत. दहापैकी किती गेल्या, याची वहीत नोंद करावी. सलग तीन दिवस आठ सोंगट्या जाऊ लागल्या की अंतर चार बोटांनी वाढवावे. दुसऱ्या टप्प्यात तीच सोंगटी थोडी बाजूला सरकवून कटचा सराव करावा. तिसऱ्या टप्प्यात सोंगटी पॉकेटच्या तोंडाशीच ठेवावी. ती पडावी, पण स्ट्रायकर बाहेर राहावा, असा हलका फटका साधावा. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण राणी घेऊन लगेच तिच्या कव्हरची सोंगटी घ्यायची असते तेव्हा त्याचाच उपयोग होतो.

बसण्याची पद्धतही ठरलेली असावी. खांदा सैल, हाताचा पंजा बोर्डावर हलकेच टेकलेला आणि डोळे नेमाच्या रेषेत. स्ट्रायकर ढकलू नये, हिसका न देता बोटाने टिचकी मारून तो सोडावा; फटक्यानंतर बोट नेमाच्या दिशेतच पुढे गेलेले दिसले पाहिजे. तर्जनी, मधले बोट की अंगठा, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग आहे. मात्र रोज एकच पद्धत असावी.

बोर्डाची निगा हाही सरावाचाच भाग. पावसाळ्यात दमट हवेने प्लायवूड फुगते, बोरिक पावडरच्या गुठळ्या होतात. मागांच्या वस्तीत सुताचे बारीक तंतू बोर्डावर बसून फटका अडवतात. खेळण्याआधी कोरड्या सुती कापडाने बोर्ड पुसून पावडर अगदी थोडी भुरभुरावी. ती तोंडात किंवा डोळ्यांत जाणार नाही याची मुलांनी काळजी घ्यावी व खेळानंतर हात धुवावेत.

थोडक्यात, चांगला स्ट्रायकर खेळाडूची चूक झाकत नाही, ती स्पष्ट दाखवतो. नीट तोललेला, सपाट आणि हाताच्या सवयीचा स्ट्रायकर असला, की चुकलेल्या फटक्याचा दोष आपल्याच बोटाकडे येतो आणि तो सुधारता येतो. दहापैकी चार गेल्या, महिन्याने सात गेल्या, ही वहीतली नोंद घरच्यांना दाखवता येते. मुलगा नाक्यावर वेळ घालवतो की खेळ शिकतो, या पालकांच्या प्रश्नाला त्याहून चांगले उत्तर नाही.